लॅपटॉपमधली पॉवर सेटिंग ‘गायब’ झाली? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं वाचा

करमाळा | प्रतिनिधी

लॅपटॉपचं झाकण लावून तो बॅगेत ठेवावा, तासाभराने बाहेर काढावा, तर बूड तव्यासारखं तापलेलं आणि बॅटरी संपत आलेली. मग कुणीतरी सांगतं, ‘अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंगमध्ये जा, तिथं सगळं सापडतं.’ तिथं जावं तर व्हिडिओत दाखवलेली अर्धी यादी आपल्या लॅपटॉपवर नसतेच. हाय परफॉर्मन्स नाही, पॉवर सेव्हर नाही, प्रोसेसरचा रकाना नाही. नुसतं एक ‘बॅलन्स्ड’ आणि दोन-चार ओळी.

गावोगावचे ऑनलाइन फॉर्म भरणारे केंद्रचालक, शिक्षक, कॉलेजची पोरं, सगळ्यांकडून हा प्रश्न ऐकायला मिळतो. बहुतेकांना वाटतं की विंडोज बिघडली. काहींना वाटतं व्हायरस शिरला. उत्तर आधीच सांगून टाकतो. नव्या लॅपटॉपवर ही सेटिंग बहुतेक वेळा हरवलेली नसते, मुद्दाम झाकून ठेवलेली असते. त्यात बिघाड काही नाही. आणि ज्या कामासाठी आपण ती शोधतो, ते काम दुसऱ्या दाराने होतं.

हे मला आधी कळलं असतं तर माझं नुकसान टळलं असतं. म्हणून हा लेख.

माझ्यावर बेतलं ते असं

गेल्या वर्षी उन्हाळ्यात वादळी पाऊस झाला आणि आमच्या भागातल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यात माझीही होती. मी फोटो काढले, पारावर बसून बातमी लिहिली, झाकण लावलं आणि रेंज मिळेल तिथं निघालो. वाटेत चार शेतकऱ्यांच्या बागा पाहिल्या, दीड-दोन तास गेले. लॅपटॉप उघडला तर तो गरम, आणि बॅटरी तीन टक्के. फोटो जोडेपर्यंत बंद पडला. लाइट सकाळपासून नव्हती. शेवटी मोबाइलवरून चार ओळी पाठवल्या. बातमी आली, पण फोटोशिवाय. पंचनाम्याला बातमी लागत नाही हे खरं, तरी ज्या दिवशी शिवार झोपतं त्या दिवसाचं चित्र लोकांपुढं जावं असं वाटतंच.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका दुकानात लॅपटॉप दाखवला. पॉवर सेटिंगची यादी अर्धीच आहे हे पाहून तिथला पोरगा म्हणाला, “काका, विंडोज करप्ट आहे. फॉरमॅट मारावा लागंल.” मी हो म्हणालो. पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण आठ वर्षांच्या बातम्यांचे फोटो आणि वडिलांच्या दवाखान्याची स्कॅन केलेली कागदं त्याच लॅपटॉपवर होती. निम्मी परत मिळाली, निम्मी गेली.

आणि घरी येऊन पाहतो तर सेटिंग तशीच गायब! फॉरमॅट मारूनही फरक नाही, कारण मुळात काही बिघडलंच नव्हतं. पुढे पॉलिटेक्निकला असलेल्या पुतण्याने पाच मिनिटांत उलगडा केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत झाली होती.

नेमकं झालंय काय?

जुने लॅपटॉप झोपायचे तेव्हा खरोखर झोपायचे. स्क्रीन, डिस्क, प्रोसेसर, वायफाय सगळं बंद. फक्त मेमरीला म्हणजे रॅमला थोडी वीज चालू राहायची, उघडं काम लक्षात ठेवण्यापुरती. या झोपेला तांत्रिक भाषेत ‘एस ३’ म्हणतात.

मग मोबाइलची सवय लागली. मोबाइलची स्क्रीन बंद असली तरी मेसेज येतात, हात लावला की लगेच उजळतो. लॅपटॉपही तसाच व्हावा म्हणून २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० सोबत त्याचं पुढचं रूप ‘मॉडर्न स्टँडबाय’. ही झोप वेगळी आहे. रात्री रानात राखणीला बसलेला माणूस डोळा लावतो, पण त्याचा कान जागा असतो. खुट्ट झालं की उठतो. नव्या लॅपटॉपचं तसंच. स्क्रीन काळी दिसते, आतमध्ये मात्र तो अर्धवट जागा असतो. मेल तपासणं, अपडेट उतरवणं असली कामं मधेच करू शकतो. टेबलावर ठेवलेला असेल तर काही वाटत नाही. बंद बॅगेत हे घडलं तर उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही, आणि बॅटरीही खर्च होते.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा लॅपटॉपवर विंडोज ‘बॅलन्स्ड’ हा एकच पॉवर प्लॅन ठेवते. हाय परफॉर्मन्स आणि पॉवर सेव्हर दाखवत नाही. अॅडव्हान्स्ड सेटिंगच्या यादीतलेही बरेच रकाने झाकले जातात, कारण प्रोसेसरने कधी जोर लावायचा नि कधी आराम करायचा हे यंत्रणा स्वतः ठरवते. व्हिडिओतला लॅपटॉप जुन्या झोपेचा, आपला नव्या झोपेचा. म्हणून याद्या जुळत नाहीत.

पायरी १ : आधी योग्य ठिकाणी गेलात का ते बघा

की-बोर्डवर चार खिडक्यांचं चिन्ह असलेलं विंडोजचं बटण दाबून धरा आणि ‘आर’ दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात इंग्रजीत, मधे जागा न सोडता, पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी, मग टिंब, मग सी पी एल असं टाइप करून एंटर मारा. थेट पॉवर ऑप्शन्सचं पान उघडतं. कंट्रोल पॅनेल शोधत बसायची गरज नाही.

तिथं बॅलन्स्डच्या शेजारी ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’ आणि त्याच्या आत ‘चेंज अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’ आहे. विंडोज ११ च्या नव्या सेटिंग्ज पानात, म्हणजे सिस्टिम आणि मग पॉवर अँड बॅटरी इथं, ही जुनी यादी दिसत नाही. बरेच लोक तिथंच शोधतात आणि ‘गायब झाली’ म्हणतात.

पायरी २ : आपल्या लॅपटॉपची झोप कोणती ते ओळखा

स्टार्टमध्ये सी एम डी टाइप करा. ‘कमांड प्रॉम्प्ट’ दिसेल, ते उघडा. काळ्या पडद्यावर पुन्हा पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी टाइप करा, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ द्या, तिला चिकटून ए लिहा आणि एंटर मारा. या आज्ञेने काहीही बदलत नाही, ती फक्त माहिती दाखवते. त्यामुळे बिनधास्त करा.

समोर दोन याद्या येतात. वरची ‘या लॅपटॉपवर चालतं ते’, खालची ‘चालत नाही ते’. फक्त वरची वाचा. इथंच लोक फसतात, कारण एस ३ हे नाव खालच्या यादीतही दिसू शकतं.

- वरच्या यादीत ‘एस ० लो पॉवर आयडल’ असेल तर तुमचा लॅपटॉप नव्या झोपेचा आहे. सेटिंग कमी दिसणं हे त्याचं नेहमीचंच वागणं आहे. थेट पायरी ३ करा.
- वरच्या यादीत ‘स्टँडबाय एस ३’ असेल तर लॅपटॉप जुन्या झोपेचा आहे. त्यावर यादी पूर्ण दिसायला हवी. ती दिसत नसेल तर खरंच काहीतरी अडलं आहे. पायरी ४ बघा.

पायरी ३ : नव्या झोपेच्या लॅपटॉपवर काम कसं साधायचं?

सेटिंग शोधणाऱ्याला खरं तर तीन गोष्टी हव्या असतात. बॅगेत लॅपटॉप तापू नये, बॅटरी संपली तरी काम बुडू नये आणि चार्जिंग जास्त वेळ टिकावं. तिन्ही होतात.

झाकण लावल्यावर हायबरनेट : हायबरनेट म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करणं. मग आत काही जागं राहत नाही. पॉवर ऑप्शन्सच्या पानावर डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ आहे. तिथं झाकणाच्या ओळीत दोन रकाने दिसतील, एक बॅटरीवर असतानाचा, दुसरा चार्जर लावलेला असतानाचा. बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडा आणि सेव्ह करा. उघडताना लॅपटॉप थोडा जास्त वेळ घेतो, पण बॅगेत थंड राहतो. माझा प्रश्न मुख्यतः यानेच सुटला.

निवडीत हायबरनेट नसेल तर : स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी, एक जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून एच, पुन्हा एक जागा, मग ओ एन, असं टाइप करून एंटर मारा. हायबरनेट सुरू होतं. त्यासाठी डिस्कवर काही जीबी जागा अडते, एवढं लक्षात ठेवा.

खालच्या चौकोनी खुणा फिक्या दिसत असतील तर : त्याच पानावर वर ढालीच्या चिन्हासह ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ अशी निळी ओळ असते. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालच्या खुणा हलत नाहीत. अनेकांचं ‘सेटिंग लॉक झालं’ हे गाऱ्हाणं या एका क्लिकने मिटतं.

बॅटरी संपताना काम वाचवणं : अॅडव्हान्स्ड यादी कितीही छोटी झालेली असली तरी त्यात ‘बॅटरी’ हा भाग बहुधा राहतोच. तो उघडा. ‘क्रिटिकल बॅटरी अॅक्शन’मध्ये हायबरनेट ठेवा आणि ‘लो बॅटरी लेव्हल’ १५ ते २० टक्क्यांवर आणा, म्हणजे इशारा लवकर मिळतो. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. अर्ध्यात राहिलेला फॉर्म वाचवायला ती पाच-दहा मिनिटं कामाला येतात.

चार्जिंग टिकवणं आणि उष्णता कमी करणं : पूर्वी लोक प्रोसेसरचा कमाल टक्का कमी करायचे. तो रकाना दिसत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी इथं ‘पॉवर मोड’ आहे. त्यात ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडा. जोर हवा असेल तेव्हा ‘बेस्ट परफॉर्मन्स’. जुन्या दोन प्लॅनचं काम आता इथून चालतं. हा पॉवर मोडच बदलता येत नसेल तर बॅलन्स्ड सोडून दुसराच एखादा प्लॅन लागला आहे का ते बघा. बॅलन्स्डवर आलात की तो मोकळा होतो.

पायरी ४ : जुन्या झोपेचा लॅपटॉप, तरीही यादी अपुरी

अशा वेळी खालच्या क्रमाने जा. क्रम मोडू नका.

१) अॅडव्हान्स्ड सेटिंगच्या चौकटीत खाली ‘रिस्टोअर प्लॅन डिफॉल्ट्स’ बटण आहे. आधी ते दाबून बघा.

२) प्लॅनच गायब असतील तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी, एक जागा, आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून रिस्टोअर, डिफॉल्ट, स्कीम्स हे तीन शब्द जोडून लिहा : आर ई एस टी ओ आर ई, डी ई एफ ए यू एल टी, एस सी एच ई एम ई एस. मूळचे प्लॅन परत येतात. मात्र तुम्ही स्वतः बनवलेला प्लॅन असेल तर तो पुसला जातो. तुमच्या फायलींना धक्का लागत नाही.

३) कुणी पेन ड्राइव्हवरून नवी विंडोज टाकून दिली असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर’ बघा. तिथं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर पडलेलाच नाही. त्याच्याविना स्लीप हा पर्यायच बंद राहतो, स्क्रीनचा उजेडही कमी-जास्त होत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपला मॉडेल क्रमांक टाकून ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर घ्या. दुसरीकडून घेऊ नका.

४) लॅपटॉप शाळेचा किंवा कार्यालयाचा असेल तर वरून धोरण लावून सेटिंग बंद केलेली असू शकते. तिथं आपली मात्रा चालत नाही आणि चालवूही नये. ज्यांच्याकडे अॅडमिनचा पासवर्ड आहे त्यांनाच विचारा.

रजिस्ट्रीत हात घालावा का?

झाकलेली सेटिंग उघडायला किंवा नवी झोप बंद करून जुनी आणायला रजिस्ट्रीत बदल सांगणारे बरेच व्हिडिओ आहेत. काही लॅपटॉपवर ते चालतं, हे खरं आहे. पण रजिस्ट्री म्हणजे विंडोजचा सातबारा. एक नोंद चुकीची पडली की दुरुस्तीला किती हेलपाटे पडतात ते शेतकऱ्याला सांगायला नको.

शिवाय नव्या लॅपटॉपच्या मूळ रचनेतच जुनी झोप दिलेली नसेल तर रजिस्ट्री बदलून ती येत नाही. उलट नवीही जाते आणि ‘स्लीप’ हे बटणच नाहीसं होतं. ज्या लॅपटॉपवर पोटापाण्याचं काम चालतं त्यावर हा प्रयोग नको. हायबरनेटने तेच साधतं.

दोष बॅटरीचाच असेल तर?

कधी कधी सेटिंग ठीक असते, बॅटरीच थकलेली असते. तेही घरबसल्या कळतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी, एक जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून बॅटरी, रिपोर्ट हे दोन शब्द जोडून लिहा : बी ए टी टी ई आर वाय, आर ई पी ओ आर टी. एंटर मारल्यावर एक फाइल तयार होते आणि ती कुठं ठेवली ते पडद्यावर लिहून येतं. ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची ताकद आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. समजा पहिला आकडा ४०,००० आणि दुसरा २४,००० असेल तर बॅटरी साठ टक्केच उरली आहे. मग कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. बॅटरी बदलायचा खर्च धरा.

आणखी एक शंका लोक विचारतात. ‘८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा’ हे सेटिंग अॅडव्हान्स्ड यादीत सापडत नाही. ते तिथं नसतंच. ते लॅपटॉपच्या कंपनीने दिलेल्या अॅपमध्ये किंवा बायोसमध्ये असतं, आणि तेही सगळ्याच मॉडेलवर नाही. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून वापरणाऱ्यांना ते चांगलं. जिथं लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, तिथं पूर्ण चार्ज असलेली बॅटरी जास्त कामाची.

दुकानात जाण्यापूर्वी

कधी कधी दुकानात जावंच लागतं आणि सगळे दुकानदार काही वाईट नसतात. पण तीन गोष्टी पाळा. एक, पायरी २ मधल्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून न्या. ‘एस ०’ वाचता येणारा कारागीर असेल तर तो फॉरमॅटचं नाव काढणार नाही. दोन, लॅपटॉप हातातून सोडण्याआधी आपल्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मी तेवढंच केलं नाही. तीन, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं म्हणाले तर ‘का?’ म्हणून विचारा. कारण सांगता येत नसेल तर लॅपटॉप उचलून घरी या.

परवा पुन्हा वादळ झालं. यावेळी बाग वाचली, शेजारच्याची गेली. त्याच्या बांधावर बसून लिहिलं, झाकण लावलं, बॅग पाठीला अडकवली. तासाभराने उघडला तर लॅपटॉप थंडगार आणि बॅटरी होती तेवढीच. फोटो सगळे गेले.

तुमच्याही लॅपटॉपवर यादी अर्धी दिसत असेल तर आज रात्री लाइट असेल तोवर पायरी २ करून बघा. आधी ओळखा, मग हात लावा.